तबकडीवर न छापलेली नावे

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोन समज रूढ आहेत. काहींच्या मते तो एक निरुपद्रवी वेडा होय. जुन्या बाजारातून धुळीने माखलेल्या तबकड्या उचलून आणाव्यात आणि घरातील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील एवढी अडगळ रचावी, इतकेच त्याचे जीवितकार्य. दुसऱ्यांच्या मते तो द्रव्याचा शौकीन होय. दुसऱ्यापाशी नाही ते आपल्यापाशी असावे, यातच त्याचे समाधान. हे दोन्ही प्रकार जगात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संग्रहाचा तिसरा एक प्रकार आहे, आणि तो म्हणजे ऐकण्याची शिस्त. ती शिस्त जॅझ या अमेरिकन संगीताच्या संग्राहकांनी फार कसोशीने पाळली. आपल्या संगीतास तिची किती निकड आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पारोळ्यासारख्या गावी बसून कोणी जॅझविषयी लिहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. ज्या गावी आगगाडीही येत नाही, तेथे न्यू ऑर्लिन्सचे संगीत कोठून येणार? पण जरा विचार केला तर हे नाते वाटते तितके दूरचे नाही. खानदेशातील लग्नाची मिरवणूक बँडावाचून निघत नाही. अलीकडे त्यात विजेवर चालणारी वाद्ये शिरली असली, तरी ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि मोठा ढोल यांचा घोष येथील लहान पोरासही ओळखीचा आहे. जॅझचा उगम ज्या शहरात झाला, तेथेही अशीच पितळी वाद्यांची पथके रस्त्यांतून मिरवणुकीने जात. फरक इतकाच की ती प्रेतयात्रेसही वाजत. म्हणजे वाद्ये आपल्या कानास परकी नाहीत. परकी आहे ती ती वाद्ये वेगवेगळी ऐकण्याची सवय.

ही सवय जॅझच्या रसिकांस तबकडीने लावली. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली. दहा इंची तबकडी, मिनिटास सुमारे ७८ फेरे, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे, एवढ्या अवकाशात पाच-सात वादक आपापले म्हणणे मांडून मोकळे होत, आणि त्यातील पुष्कळसे त्या क्षणी सुचलेले असे. लिहिलेल्या संगीताचा कर्ता कागदावरून कळतो. पण सुचलेल्या संगीताचा कर्ता कोण, हे वाजविणाऱ्याचे नाव कळल्यावाचून कसे समजावे? म्हणून 'हे कोण वाजवीत आहे?' हा प्रश्न जॅझच्या रसिकास सौंदर्याचाच प्रश्न वाटला.

याचे एक सुंदर उदाहरण १९२३ सालचे आहे. त्या वर्षी किंग ऑलिव्हर याच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या. विद्युत्मुद्रण १९२५ पासून प्रचारात आले. तत्पूर्वी साऱ्या वादकांना एका कर्ण्याभोवती उभे राहून वाजवावे लागे. तबकडीवर नाव ऑलिव्हरचे. परंतु त्याच्या कॉर्नेटच्या जोडीने दुसरे एक कॉर्नेट तेथे ऐकू येते, आणि ते लुई आर्मस्ट्राँग या तरुणाचे आहे. पुढे साऱ्या जगाने ज्यास डोक्यावर घेतले, तो वादक म्हणून त्या तबकडीच्या कागदावर नाही. असल्या लपलेल्या माणसांस उजेडात आणण्यासाठीच चार्ल्स डेलोने याने १९३६ साली पॅरिसमध्ये जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची सूची प्रसिद्ध केली. त्यात कोणती तबकडी केव्हा मुद्रित झाली आणि तीत कोणते वाद्य कोणी वाजविले, याची नोंद होती. वरवर पाहता हे कारकुनी काम. पण त्याने शेकडो वादकांचे ऋण फेडले.

आता आपल्याकडे पाहू. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गायन मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. मुद्रणाचे साचे जर्मनीत जात, आणि तेथील कारागिरांस गाणारी कोण हे कळावे, अशी त्यामागे सोय होती. त्या सोयीमुळे गायिकेचे नाव तिच्याच आवाजात चिरंतन झाले. पण तिच्यामागे साथ करणाऱ्यांनी आपले नाव उच्चारले नाही, व ते विचारण्याची कोणास आवश्यकताही वाटली नाही. ही उपेक्षा पुढे आपल्या तबकड्यांचा जणू रिवाजच होऊन बसली.

चित्रपटसंगीतात तर ती कळसास पोहोचली. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून प्रथम नाव छापले गेले ते 'कामिनी' या पात्राचे. लता मंगेशकर यांचे नव्हे! जेथे गळ्याची ही गत, तेथे ट्रंपेटास कोण विचारतो? वस्तुतः त्या वेळी मुंबईत जॅझचे उत्तम वादक होते. १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. पुढे टेडी वेदरफोर्डसारखा पियानोवादक तेथे रमला. त्यांचे वादन ऐकून गोव्याचे तरुण वादक तयार झाले. चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकलेली ही मंडळी होती. पुढे त्यांस चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम मिळाले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर व्हाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने वाजवी, आणि लोक त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

याच चिकने नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या राम चितळकरांबरोबर, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याबरोबर, काम केले. भगवान यांचा 'अलबेला' १९५१ साली आला आणि त्याच्या गाण्यांनी महाराष्ट्रातील गावेच्या गावे नाचविली. सोवळ्या घरांतून ज्यांनी जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांच्या ओठी त्याची लय अशा रीतीने नकळत येऊन बसली. त्या चित्रपटात चिक आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. पण तबकडीवर त्यांची नावे नाहीत. संगीत रामचंद्रांचे, आवाज मुख्यतः लताबाईंचा व चितळकरांचा. बाकी सारे निनावी.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. आपली रसदृष्टी सांगते की, रसात बुडालेल्यास नावगावाचे भान राहत नाही. मग ही नावांची यादी रसास पोषक की मारक? आक्षेपात तथ्य आहे. केवळ क्रमांक आणि तारखा यांत गुंतलेला संग्राहक हा मुक्काम चुकलेला वाटसरू होय. परंतु नाव हा यादीचा विषय होण्यापूर्वी तो कानाचा विषय असतो. एक प्रयोग वाचकांनी अवश्य करून पाहावा. 'अलबेला'तील कोणतेही गाणे एकदा सबंध ऐकावे. दुसऱ्या खेपेस गळ्याकडे पाठ फिरवून केवळ पितळी वाद्यांचा माग काढावा. तिसऱ्या खेपेस पुनः सबंध ऐकावे. पहिल्या खेपेस जो नुसता झगमगाट वाटला, तो तिसऱ्या खेपेस अनेक माणसांचा संवाद वाटू लागेल. नाव ठाऊक असले म्हणजे हा माग काढण्याची इच्छा होते. निनावी आवाज मात्र पार्श्वभूमीत विरून जातो.

१९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात धाडली. त्यांवर मानवजातीच्या संगीताची एक सोनेरी तबकडी आहे. तीत आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सात जणांच्या वृंदाचे १९२७ सालचे वादन आहे, आणि गोव्याच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. आपल्या दृष्टीने हा केवढा गौरव! पण याच ठिकाणी दोन्ही संस्कृतींतील भेद उघडा पडतो. आर्मस्ट्राँगच्या मागे क्लॅरिनेट जॉनी डॉड्सचे, पियानो लिल आर्मस्ट्राँगचा, बँजो जॉनी सेंट सिरचा, ड्रम बेबी डॉड्सचे, हे जॅझचा साधा शौकीन चटकन सांगेल. ट्रॉम्बोन कोणाचा, यावर तर जाणकारांनी वाद घातले आहेत. केसरबाईंच्या मागे तबला कोणाचा, हे सांगणारा रसिक आपल्याकडे किती निघेल? वाद घालणे दूरच, हा प्रश्नच आपणांस पडत नाही.

सुदैवाने चित्र अगदीच काळे नाही. १९९० साली मुंबईत ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली. ग्रेगरी बूथ यांचा चित्रपटवादकांवरील ग्रंथ २००८ साली आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरील 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ साली निघाला. दोन्ही ग्रंथ वादकांच्या नावांस न्याय देतात. परंतु दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि ज्या घरांतून ही गाणी वाजली त्या घरांच्या भाषेत हे कार्य व्हावयाचे आहे. आज गाणे दूरध्वनियंत्रावर क्षणात मिळते. दुर्मिळता संपली ही आनंदाचीच गोष्ट. पण तबकडीवरील तो इवलासा गोल कागदही त्याबरोबर गेला, आणि उरलीसुरली नावेही पुसट झाली. जुन्या काळी संगीत हरवे, नाव कधीकधी उरे. आता संगीत उरते आणि माणूस हरवतो.

म्हणून यापुढे खरा संग्राहक तो की जो वस्तूंबरोबर नावे जमवील. त्यास धन लागत नाही, मुंबईस जावे लागत नाही. आपल्या तालुक्यातील जुन्या बँडात कोण क्लॅरिनेट वाजवी, तो कोणापाशी शिकला, कोणते गाणे तो आपल्या ढंगाने फिरवी, एवढे जरी एखाद्या वहीत कोणी लिहून ठेवले, तरी ती वही शंभर दुर्मिळ तबकड्यांहून मोलाची ठरेल. कारण तबकडीची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. विस्मृतीत गेलेल्या वादकाची दुसरी प्रत सापडत नाही.