१८० मिनिटं कुणी मोजली?

बालवाडीतल्या शारीरिक शिक्षणावर संशोधन प्रस्ताव लिहायला घेतलात, की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस. पुढे जागतिक आरोग्य संघटना, २०१९. झालं काम!

पण ती मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही मुळातून वाचलीत का? तिथे शिफारशीला जोडूनच लिहिलंय: शिफारस ठाम, पुराव्याचा दर्जा अत्यंत कमी. यात लबाडी नाही. मुलांना खेळू देण्यात धोका थोडा आणि फायदा मोठा, म्हणून पुरावा कच्चा असूनही ठाम बोलता येतं. माझा आक्षेप आपल्यावर आहे. आपण आकडा उचलतो आणि पुराव्याचा दर्जा तिथेच ठेवून येतो.

आता मोजमाप बघा. मुलाच्या कमरेला लावलेल्या अॅक्सेलरोमीटरच्या नोंदी ठरावीक सेकंदांच्या तुकड्यांत जमा होतात. या तुकड्याला इपॉक म्हणतात. लहान मूल सलग धावत नाही. दहा सेकंद पळतं, मग मुंगी बघत बसतं. इपॉक ६० सेकंदांचा असेल तर ते पळणं सरासरीत विरून जातं आणि अख्खं मिनिट 'हलकी हालचाल' ठरू शकतं. इपॉक ५ सेकंदांचा घेतला, तर तेच पळणं जोरकस म्हणून दिसतं. मूल तेच, खेळ तोच, निष्कर्ष मात्र दोन.

शिवाय मिनिटं मोजली म्हणजे शिकवणं मोजलं असं होत नाही. लंगडी घालणं, चेंडू झेलणं, तोल सावरणं ही कौशल्यं आहेत. ती करून दाखवावी लागतात, सराव लागतो. रांगेत उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या मुलाचाही वेळापत्रकात पीटीचा तास भरतोच. ती तत्त्वं म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. त्यांना तसं वापरणं ही आपली चूक.

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी लिहाच: इपॉक किती सेकंदांचा, हलक्या आणि जोरकस हालचालीची सीमारेषा कुठली, आणि मुलं नेमकं काय करायला शिकली हे कसं तपासणार. नाहीतर एखाद्या अंगणवाडीत जाऊन "ताई, तुमची मुलं कमी हलतात" असं सांगून याल, आणि कमी पडलेलं असेल तुमचं मोजमाप.