दौलतजादा आणि दाद

पुरस्कारांचा मोसम आला की आपल्या घराघरांतून एक हिशेब सुरू होतो. यंदा आपले किती? पेपरातल्या यादीवरून बोट फिरते, एखाद्या खानापाशी, शेखापाशी थांबते आणि घरातले वडीलधारे समाधानाने मान हलवतात. हा हिशेब मीही वर्षानुवर्षे केला आहे. मी समीक्षक नव्हे, सिनेमाचा शौकीन माणूस. डिंभ्यासारख्या धरणाच्या गावात थिएटर कुठले? यात्रेतला तंबू, मग टीव्ही आणि आता हातातला मोबाईल, एवढ्यावर माझा शौक पोसला गेला. पण उभ्या आयुष्याचा हा शौक पणाला लावून मला आज विचारायचे आहे की, आपण मोजतो ते नेमके काय?

मोजायचेच म्हटले तर सुरुवात मोठी दिमाखदार आहे. फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार १९५४ साली दिले गेले. पुरस्कार अवघे पाच. त्यांतले दोन बिमल रॉय आणि त्यांच्या ‘दो बिघा जमीन’ला. उरलेले तीन दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि नौशाद यांना. म्हणजे पाचांत तीन आपले! माझ्या वडिलांना हा आकडा तोंडपाठ होता. पण नौशादना तो मान मिळाला ‘बैजू बावरा’साठी, आणि त्या चित्रपटातले गाजलेले भजन लिहिले शकील बदायुनींनी, गायले महंमद रफींनी. तिघांनी हरिदर्शनाची तळमळ अशी उभी केली की मंदिरांतून ते भजन वाजत राहिले. ते ऐकणाऱ्याने ‘आपले किती’ असे विचारले असते, तर त्या गाण्याचे काय उरले असते?

पुरस्कार म्हणजे गुणाचा दाखला, हा दुसरा गैरसमज. ‘पाकीजा’ १९७२च्या फेब्रुवारीत आला, मार्चअखेर मीनाकुमारी गेली. संगीतकार गुलाम महंमद तर १९६८ सालीच वारले होते. आपल्या गाण्यांचे सोने झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार ‘बेईमान’ला गेला. त्याच ‘बेईमान’मधील भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. त्यांनी तो नाकारला. का? तर गुलाम महंमद यांच्यावर अन्याय झाला म्हणून. मेलेल्या माणसाकडून त्यांना काय मिळणार होते? प्राण यांनी गुलाम महंमद यांचे नाव पाहिले नाही, त्यांचे सूर ऐकले. पुरस्कारांच्या साऱ्या इतिहासात मला हा न घेतलेला पुरस्कार सर्वांत मोलाचा वाटतो.

अभिनयाचे म्हणाल तर माझे मन ‘पार’वर अडकलेले आहे. गौतम घोष यांच्या या चित्रपटासाठी नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमी दोघांनाही १९८४चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नसीरला व्हेनिस महोत्सवातही गौरवले गेले. गावातून परागंदा झालेले एक मजूर जोडपे. बाई गरोदर. गावी परतायला पैसे नाहीत, म्हणून ते डुकरांचा कळप नदी पोहून पलीकडे नेण्याचे काम पत्करतात. टीव्हीवर हा चित्रपट लागला तेव्हा आमच्या घरात कुणी तरी नाक मुरडले, ‘यांना दुसरे काम मिळाले नाही?’ मी मात्र पाण्याकडे पाहत होतो. डिंभ्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव बुडालेले आहे. पाणी चढले तसे घर सोडून वर सरकलेले आदिवासी आमच्या ओळखीचे आहेत. पाण्यात हातपाय मारताना शबानाच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला मी अभिनय म्हणू धजत नाही. भुकेला जात-मजहब विचारायला सवड नसते, हे त्या दोघांनी एकही भाषण न करता सांगितले. अशाच हिमतीने पुढे मामुट्टी यांनी डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात बाबासाहेब आंबेडकर उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

आता एक कबुलीजबाब. २००५ साली सोनी वाहिनीवर ‘फेम गुरुकुल’ चालू होते. त्यात काश्मीरचा काझी तौकीर होता आणि बंगालचा एक लाजरा मुलगा होता, अरिजित सिंग. गाणे कुणाचे चांगले, हे माझ्या कानांना कळत होते. तरी मी एसेमेस पाठवले काझीला. एक नव्हे, अनेक. साध्या एसेमेसपेक्षा ते महाग पडत, तरी पाठवले. काझी रूपरेखा बॅनर्जीसह विजेता ठरला, अरिजित अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. पुढे ‘आशिकी २’मधल्या गाण्याने सारा देश वेडा झाला आणि २०१४ साली त्याला फिल्मफेअर मिळाले, तेव्हा मी त्याच्या गाण्याला मान डोलावत होतो. दोष काझीचा नव्हता. तो त्याच्या परीने जीव ओतत होता. दोष माझ्या बोटाचा होता.

आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना हा खेळ नवा वाटायला नको. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडात दौलतजादा होते. कुणी नोट पुढे करतो, आणि देणाऱ्याचे नाव भर फडात पुकारले जाते. टाळी मिळते ती बऱ्याचदा नाचणारीला नव्हे, नोटेला. माझे एसेमेस म्हणजे तरी काय होते? दौलतजादाच! काझीच्या निमित्ताने मी माझेच नाव पुकारून घेत होतो. फरक एवढाच की फडातली नोट निदान कलावंताच्या हाती पडते, एसेमेसचे पैसे कंपनी आणि वाहिनी वाटून घेतात.

पुढे ‘बिग बॉस’ने तर गाण्या-नाचण्याचीही अट काढून टाकली. २०२३ साली पुण्याच्या वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन जिंकला, अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. स्टॅनची खरी कमाई त्याने आधीच रचलेल्या रॅपमध्ये आहे. घरात कोंडून घेऊन कोण किती भांडतो, यावर ती कशी जोखणार? तरीही आमच्या पोरांनी विचारले तेच, आपला जिंकला ना?

या पोरांना मी एक नाव विचारतो आणि ती गप्प होतात. बशीर मोमीन कवठेकर. आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. त्यांनी तमाशासाठी लावण्या लिहिल्या, वग लिहिले, गण-गौळणी लिहिल्या. गणपतीला आवाहन करणारे शब्द एका मोमीनाच्या लेखणीतून उतरले आहेत, हे समोर बसलेल्या हजारोंना ठाऊक नसे, आणि ठाऊक असणाऱ्यांना त्यात वावगे वाटत नसे. फडात नाचणारीचे नाव होते, सोंगाड्याचे होते, लिहिणाऱ्याचे होत नाही. राज्य शासनाचा २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २०२१ साली ते गेले. ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे त्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. पुरस्काराने पोट भरत नाही आणि उशिरा आला तर मनही भरत नाही.

मग पुरस्कार बंद करावेत का? मुळीच नाही. आपल्या माणसाचे नाव पुकारले गेल्यावर छाती फुगते, त्यातही गैर नाही. ज्यांना एरवी बातम्यांत फक्त संशयाने पुकारले जाते त्यांना तेवढा आनंद हक्काचा आहे. पण नाव पाहून दिलेली टाळी कलावंताच्या कामाची नसते. उद्या नावच पाहून कुणी आपल्या पोराला डावलले, तर आपण कोणत्या तोंडाने इन्साफ मागणार? आधी ऐकावे, पाहावे, आणि मग मोकळ्या मनाने दाद द्यावी. काझीला पाठवलेले ते एसेमेस आता परत घेता येत नाहीत. पण घरात पुन्हा यादी निघाली की मी बोट नावावर ठेवत नाही. आधी विचारतो, याने काम काय केले आहे?