मराठी ई-पुस्तक अजून घडायचे आहे

छापील पुस्तकाची जागा ई-रीडर घेईल का, हा विषय मराठीत दर चार-दोन वर्षांनी परिसंवादाला येतो. एक वक्ता कागदाच्या वासाबद्दल बोलतो, दुसरा हातात मावणाऱ्या हजार पुस्तकांबद्दल, आणि टाळ्या दोघांनाही पडतात. पुण्या-मुंबईच्या सभागृहांत हा वाद असाच चालू राहील. तो तपासायचा तर कन्हानसारख्या गावात यायला हवे. नागपूरहून येणाऱ्या रेल्वेचा रामटेकचा फाटा इथे फुटतो, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत आणि नदीपलीकडे कामठी. या गावात छापील पुस्तक आहे, मोबाइल घरोघरी आहे. ज्या यंत्रावरून हा सगळा वाद चालतो तो ई-रीडर मात्र शोधूनही सापडणे कठीण.

यंत्र उत्तम आहे, हे आधी मान्य करू. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात, त्यांत विद्युतभार असलेले काळे-पांढरे कण. वीज दिली की काळे कण वर येतात आणि अक्षर उमटते. पान उलटताना लागेल तेवढीच वीज खर्च होते. एकदा उमटलेले अक्षर वीज नसतानाही तसेच राहते. विदर्भाच्या भर उन्हात मोबाइलचा पडदा काळाठिक्कर पडतो, तिथेही हे अक्षर छापल्यासारखे स्पष्ट दिसते. ॲमेझॉनने किंडल २००७ साली काढले आणि डिसेंबर २०१६मध्ये त्यावर मराठी पुस्तके आणली. पण २०२५मध्ये भारतात आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमत होती १६,९९९ रुपये. खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला ती झेपणारी नाही. तेवढे पैसे जमलेच, तर मोबाइल सोडून केवळ वाचनाचे यंत्र कोण घेईल? म्हणून इथे ई-पुस्तक म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ. तिचे प्रत्येक पान दोन बोटांनी मोठे करायचे, ओळ संपली की डावीकडे सरकवायचे, आणि दहाव्या ओळीला कुणाचा तरी निरोप येऊन वाचन तुटायचे.

या पीडीएफचे पुढे काय होते, ते पाहायचे तर संध्याकाळी अभ्यासिकेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारी मुले-मुली येतात, दुकानाच्या नंबरवर फाइल टाकतात आणि सांगतात, "भाऊ, पाठपोट काढा न, अन् स्पायरल मारून द्या." पाने गरम गरम बाहेर येतात, कडेला भोके पडतात, प्लास्टिकची सळी फिरते. रात्री त्याच वहीत पिवळ्या पेनने ओळी रंगतात, समासात सनावळी लिहिली जाते, पानांचे कोपरे दुमडले जातात. फुकट मिळालेली फाइल ही मुले स्वतःच्या खिशातून पैसे घालून कागदावर उतरवून घेतात. त्यात जुन्याची ओढ वगैरे काही नाही. यांचा जन्मच मोबाइलच्या काळातला. २०१८ साली स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी जगभरातले ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर, तोही वेळेच्या दडपणाखाली वाचायचा असेल, तर कागदावर आकलन जास्त चांगले होते, असे त्यांना आढळले. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी पडद्यावर खुशाल वाचावी. अभ्यास कागदावर करावा. स्पायरल मारून घेणाऱ्या मुलांना हे कुणी सांगावे लागले नाही.

कागदाच्या बाजूचा याहून मोठा दाखला नागपुरातच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात आणि लाखो माणसे घरी जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढायला घेतली. पहिला खंड १९७९ साली आला. या खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवता येतात. ई-पुस्तकाने छापील पुस्तक खरोखर हटत असते, तर या खंडांची मागणी केव्हाच ओसरली असती. प्रत्यक्षात छापील प्रती मिळत नाहीत म्हणून लोक संतापले. नऊ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत जेमतेम ३३ हजार प्रती निघाल्या. २०२१ साली वृत्तपत्रातली ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्यांच्या आजोबांना अक्षराजवळ फिरकू दिले नव्हते, त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या फळीला त्या जाडजूड खंडाचे वजन हवे असते. फाइल ती फळी भरू शकत नाही, आणि ही गरज भावनेची म्हणून कमी दर्जाची ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरीही मी केवळ कागदाचा कैवारी नाही. काही प्रांतांत पडद्याने बाजी केव्हाच मारली आहे, आणि त्यात पहिला मान कोशांचा. श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार १९१६ साली नागपुरात मांडला. पुढे तो पुण्याला गेला आणि २३ खंडांत पुरा झाला. ते खंड घरी ठेवणे कुणाला परवडणार? यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो इंटरनेटवर आणला. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर आहे. मोल्सवर्थचा शब्दकोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक फुकट वाचता येतात. जीर्ण दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतली पुस्तके, ज्यांचे पान उलटले तरी तुकडा पडतो, ती स्कॅन झाल्यामुळे वाचली. कन्हानमधल्या संशोधक विद्यार्थ्याला यासाठी पूर्वी नागपूरच नव्हे, मुंबईचेही ग्रंथालय गाठावे लागले असते. दृष्टी अधू झालेल्या वाचकाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि ज्याला दिसतच नाही त्याला तीच फाइल मोबाइल वाचून दाखवतो. कागदाला हे कधीच जमणार नाही.

पण हे सारे ज्यावर चालते ती मजकुराची फाइल मराठीत नीट घडत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. विकत घेतलेले मराठी ई-पुस्तक उघडा. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र कधी तुटून 'वार् यावर' तर कधी 'वार्यावर' झालेला असतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरात हलन्त उघडा पडतो. अक्षराचा आकार एक पायरी वाढवला की कवितेच्या ओळी मोडतात आणि चरण कुठे संपला तेच कळत नाही. अनुक्रमणिकेवर बोट ठेवले तर प्रकरण उघडत नाही, तळटीप मजकुराच्या मधोमध येते. याचे कारण सरळ आहे. आपल्या छपाईची जुळणी वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत झाली. ते छापखान्यापुरते सुरेख होते, पण त्यांतल्या अक्षरांचे संकेत प्रत्येकाचे वेगळे. ई-पुस्तक करताना तो मजकूर एखाद्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये ओतला जातो आणि पुन्हा मुद्रिते तपासायला कुणी बसत नाही. छापील आवृत्तीची चार-चार मुद्रिते वाचणारे प्रकाशक ई-आवृत्तीचे एकही वाचत नसतील, तर वाचकाने ती का स्वीकारावी?

मराठी छपाईसुद्धा पहिल्याच दिवशी देखणी नव्हती. जावजी दादाजींनी १८६४ साली सुरुवात केली ती अक्षरे ओतण्याच्या कारखान्याने. निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ साली. राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर एकेक अक्षर कोरले. ते वळण इतके डौलदार होते की पुढच्या पिढ्यांना छापील अक्षर म्हणजे तेच वाटू लागले. ई-पुस्तकाला मराठीत असा जावजी अजून भेटलेला नाही. साधने मात्र तयार आहेत. 'एक टाइप'चा मुक्ता आणि आयआयटी मुंबईची शोभिका हे दोन्ही फॉन्ट युनिकोडमधले, जोडाक्षरांची जाण असलेले आणि विनामूल्य आहेत. कमी आहे ती फाइल हातात घेऊन ओळ न् ओळ तपासणाऱ्या माणसांची, आणि त्यांना मोबदला देण्याच्या इच्छेची.

मालकीचा प्रश्नही उरतोच. विकत घेतलेले किंडल पुस्तक म्हणजे वाचण्याचा परवाना असतो. २००९ साली ऑर्वेलची दोन पुस्तके ॲमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली; फेब्रुवारी २०२५मध्ये पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही बंद झाली. असे पुस्तक मैत्रिणीला वाचायला देता येत नाही, नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येत नाही, गावच्या वाचनालयाला भेटही देता येत नाही. गरीब वाचकाचे वाचन याच तीन वाटांनी चालत आले आहे. कन्हान नदीकाठी ज्यांचे स्मारक आहे, त्या बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. त्याआधी, १९२७च्या सुमारास, त्यांनी कामठीत रात्रशाळा चालवल्या आणि संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय उघडले. एक प्रत अनेकांच्या हातांतून फिरते, यावर तो सारा खटाटोप उभा होता. एका खात्याला, एका पासवर्डला बांधलेले पुस्तक तिथे निरुपयोगी ठरले असते.

तेव्हा माझा निर्वाळा असा. कोश, जुनी मासिके, दुर्मीळ ग्रंथ, अंध वाचकाची गरज, यांत पडद्याने कागदाची जागा घेतली आहे आणि ती त्याच्याकडेच राहावी. कादंबरीत दोघेही नांदतील. अभ्यासाचे पुस्तक, लहान मुलांचे पुस्तक आणि घरात जपायचे पुस्तक कागदावरच राहील. प्रकाशकांना माझी विनंती आहे की ई-आवृत्ती युनिकोडमध्ये नव्याने जुळवा आणि तिची मुद्रिते छापील पुस्तकाइतक्याच कसोशीने वाचा. शासनाने १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांना अशी तपासलेली ई-पुस्तके सभासदांना मोबाइलवर देण्याचे हक्क एकत्रितपणे घेऊन द्यावेत, आणि बाबासाहेबांच्या खंडांची छपाई पुन्हा रखडू देऊ नये. आणि वाचकहो, तुटक्या रफाराचे पुस्तक पैसे देऊन घेतले असेल, तर गप्प बसू नका. प्रकाशकाला पान क्रमांकासह कळवा.