खोलीचे भाडे आणि लोकलचा पास

मुंबईने मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या साहित्याला भरभरून दिले. चाळ, झोपडपट्टी, फूटपाथ, लोकलची गर्दी यांची चित्रे दोन्हीकडे आहेत. पण या साहित्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : या माणसाचे घर कुठे आहे, काम कुठे आहे आणि मधले अंतर तो कशाच्या बळावर कापतो? मग एक उणीव जाणवते. घराचे दुःख एका पानावर आणि प्रवासाचे दुःख दुसऱ्या पानावर लिहिले गेले आहे. गरिबाच्या महिन्याच्या हिशेबात मात्र ही दोन्ही दुःखे एकाच खात्यावर येतात. भाडे कमी हवे तर खोली लांब घ्यावी लागते. भाड्यात वाचलेले पैसे मग पास, रिक्षा आणि झोपेचे तास यांत भरावे लागतात. हा हिशेब आपल्या साहित्यात कितपत उतरला, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

कृष्णचंदर यांची ‘महालक्ष्मी का पुल’ ही उर्दू कथा अनेकांनी वाचली असेल. पुलाच्या कठड्यावर वाळत घातलेल्या सहा साड्या आणि प्रत्येक साडीमागे एका श्रमिक बाईचे आयुष्य, अशी तिची रचना आहे. पुलाखालून पंतप्रधानांची गाडी जाणार असते. त्या साड्यांकडे पाहिले जाईल का, हा लेखकाचा प्रश्न आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या कथेतली आगगाडी दुसऱ्यांची आहे. गिरणीतला माणूस रुळांजवळच्या चाळीत राहतो आणि पायी कामावर जातो. खोली कोंदट असली तरी गिरणीचा भोंगा घरात ऐकू येतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (1958) मध्ये वर्ग वेगळा आणि सूर विनोदाचा असला, तरी चाळ शहराच्या पोटात आहे. जागा अपुरी असेल, पण माणूस शहराबाहेर फेकलेला नाही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे चित्र पालटले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (1997) हे नाटक या पडझडीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. गिरणी गेली, खोली उरली आणि त्या खोलीत माणसे एकमेकांवर आदळू लागली. पुढे गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांनी खोली विकून डोंबिवली, विरार, बदलापूर गाठले. नाटक या स्थलांतराच्या अलीकडे थांबते. तो नाटकाचा दोष नाही. पण त्यापुढची कहाणी, म्हणजे कामाच्या जागेपासून 40-50 किलोमीटरवर जाऊन पडलेल्या माणसाची कहाणी, त्याच ताकदीने कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

हिंदी चित्रपटाने घराची तहान जास्त थेट मांडली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’ (1963) मध्ये एक जोडपे मोठ्या पाइपमध्ये संसार थाटते. ‘घरौंदा’ (1977) मध्ये पै पै जमवून फ्लॅटचे स्वप्न पाहणारे दोघे फसवले जातात. ही तहान खरी आहे. परंतु ‘एकदा चार भिंती मिळाल्या की सुटलो’ असा भाव दोन्हीकडे आहे. त्या भिंती कुठे मिळतात, हा पुढचा प्रश्न उरतोच.

नवल असे, की साहित्याने जे दोन धागे जोडले नाहीत ते न्यायालयाने जोडले. 1981 च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फूटपाथवरच्या रहिवाशांना हटवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केले, की ही माणसे कामाजवळ राहावे म्हणून फूटपाथवर राहतात. लांबून येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च त्यांना झेपणारा नाही. राहण्याची जागा हिरावली तर रोजी हिरावली जाते, आणि रोजी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. एवढे मानूनही न्यायालयाने त्यांना हटवण्याची मुभा दिली, हा त्या निकालातला पेच. तो पेच कादंबरीचा विषय आहे. बॅ. अंतुले आपल्या कोकणचे, म्हणून त्याकडे डोळेझाक करणे लेखकाला शोभणार नाही.

आता आपल्या साहित्याविषयी. नोकरीच्या गावी आसरा मिळवताना जात लपवावी लागते, हे बाबूराव बागूल यांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) मध्ये सांगितले. मुस्लिम वाचकाला ती कथा परकी वाटत नाही. दलालाने नाव विचारले आणि फोन ठेवून दिला, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. एका समाजापुरते सभासदत्व राखणाऱ्या सोसायटीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात ग्राह्य धरला, हेही आपण जाणतो. 1992-93 च्या दंगलींनंतर कित्येक कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडकडे सरकली. आपल्या कथा-कवितांत मुंब्रा येते ते याच वाटेने. दंगल, भीती, पलायन आणि शेवटी ‘आपली माणसे’.

हे सारे खरे आहे, पण अपुरे आहे. दंगल एकदा झाली, लोकल रोज पकडावी लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुंब्रा सुमारे 40 किलोमीटर. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील फजरच्या सुमारास निघतात आणि इशानंतर परततात. मुलगा तेव्हा झोपलेला असतो. मराठीच्या तासाला ‘माझे घर’ हा निबंध दिला, की बहुतेक मुले गाइडमधले घर लिहितात : अंगण, तुळस किंवा मोगरा, मागे विहीर. लिहिणारा मुलगा सहा जणांबरोबर एका खोलीत राहतो. त्याला आपले घर निबंधात बसण्यासारखे वाटत नाही, कारण तसे घर त्याने छापील पानावर कधी वाचलेलेच नाही. त्या मुलाला ते पान कोण देणार?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बेकायदा, अर्धवट बांधलेली इमारत कोसळून 74 माणसे गेली. आपल्या वस्त्यांतली पागडी, डिपॉझिट, कागदाविना विकलेले मजले यांत आपलेही हात गुंतलेले असतात. भेदभाव बाहेरचा असतो, पण त्या भेदभावावर नफा कमावणारा पुष्कळदा मोहल्ल्यातच भेटतो. त्याच्याविषयी लिहायला धैर्य लागते. हमीद दलवाई यांनी ‘इंधन’ (1965) मध्ये कोकणातल्या आपल्याच गावाकडे निर्भयपणे पाहिले. ती नजर अजून मुंब्र्याच्या जिन्यावर पोहोचायची आहे.

9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दाराशी लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना लागून खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. त्याच्या महिनाभर आधी बेस्टचे किमान भाडे 5 वरून 10 रुपये झाले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. थंडगार, वेगवान, आणि भाडे 10 ते 70 रुपये. टोकापासून टोकापर्यंत जाऊन-येऊन 140 रुपये झाले. ज्याला ते परवडतात त्याचे अंतर कमी झाले. ज्याला परवडत नाहीत तो दाराच्या दांड्याला लोंबकळतो. एकाच शहरात अंतराचे असे दोन दर आहेत. वर्तमानपत्रांनी मृतांची संख्या छापली. ती माणसे इतक्या लांब का राहत होती, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी मागे पडला.

तो प्रश्न धरून ठेवणे हे साहित्याचे काम आहे. आपल्या लेखकांकडून अपेक्षा एवढीच, की पुढच्या कथेत पात्राचा पगार, खोलीचे भाडे, पासाची किंमत आणि घर सोडण्याची वेळ या चार गोष्टी निश्चित असाव्यात. त्या कथेत लिहिल्याच पाहिजेत असे नाही, पण लेखकाला ठाऊक असल्या पाहिजेत. त्या ठाऊक असतील तर पात्र कुठे थकते, कुणावर चिडते आणि मुलाशी का बोलत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आपले दुःख इतरांहून वेगळे आहे, हे आपण पुष्कळ सांगितले. दाराच्या त्याच दांड्याला शेजारचा तुकाराम आणि जोसेफही लोंबकळत असतो, हे सांगणारी कथा आता आपल्यातून यावी.