‘हत्तीरोग’ म्हटल्यावर काय सुटून जाते?

मंडळी, रोगाचे नाव इंग्रजीतून मराठीत आणणे हे कोशकारांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे वाटते खरे. पण रोहण्यात हा विषय बोलायचा तर आपल्या वर्धा जिल्ह्याच्या ओळखीचीच दोन नावे तपासू: हत्तीरोग आणि कुष्ठरोग.

हत्तीरोगासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. ‘लिम्फॅटिक फायलेरियासिस’ म्हणजे शरीरात शिरलेल्या कृमींचा संसर्ग. ‘एलिफंटायसिस’ म्हणजे त्या संसर्गामुळे पुढे कित्येक वर्षांनी सुजून जाड झालेला पाय. मराठीने दोन्हींसाठी हत्तीरोग हा एकच शब्द चालवला. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. हा शब्द शेवटची अवस्था दाखवतो आणि सुरुवात झाकतो.

आता हा रोग चालतो कसा ते बघा. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास कृमी पसरवतो. कृमींची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घेतात. ज्याच्या रक्तात ती आहेत, त्याचा पाय अगदी सडपातळ असू शकतो. सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेतल्या गोळ्या अशाच माणसासाठी असतात. आणि आपण त्याला सांगतो काय? “हत्तीरोगाची गोळी घ्या.” तो स्वतःच्या पायाकडे बघतो नि म्हणतो, “मला कुठं हत्तीरोग आहे?” गोळी तशीच राहते. कुणाला गोळीनंतर थोडा ताप आला, तर तो बरेचदा मरणाऱ्या कृमींमुळे आलेला असतो. पण गावात बोलले जाते की गोळी बाधली.

कुष्ठरोगाचे उलट झाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला संस्था काढली. दोन्ही संस्थांच्या नावांत ‘महारोगी’ हाच शब्द होता. पुढे सरकारी भाषेत ‘कुष्ठरोग’ आला. चांगले झाले, दहशत थोडी उतरली. पण ‘श्वेतकुष्ठ’ हा जुना शब्द तसाच राहिला. श्वेतकुष्ठ म्हणजे पांढरे कोड. ते संसर्गजन्य नाही, त्याचा कुष्ठजंतूशी संबंध नाही. केवळ नावाच्या नात्यामुळे कोड असलेल्या मुलीचे लग्न अडते. त्यामुळे हा शब्द सरळ सोडून ‘कोड’च म्हणावे.

कुणी म्हणेल, लोकांना कळणारा शब्द कशाला काढता? बरोबर आहे. ‘लसीकावाहिनी कृमिसंसर्ग’ असे काही घडवले तर ते फलकावरच राहील. मराठी नावे वाईट असतात असेही नाही. ‘मलेरिया’चा मूळ अर्थ खराब हवा, म्हणजे कारणच चुकीचे, आपला ‘हिवताप’ लक्षण सांगतो, आणि ते लक्षण सुरुवातीलाच दिसते. थंडी वाजून ताप आला की माणूस दवाखान्यात जातो. हत्तीरोगाचे लक्षण दिसते तेव्हा मात्र उशीर झालेला असतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सुजलेल्या पायाला ‘हत्तीपाय’ म्हणा आणि रक्तातल्या संसर्गाला ‘फायलेरिया’. हा शब्द गावांत आधीच रुळलेला आहे. गोळी देताना म्हणा, “फायलेरिया रक्तात असला तरी दिसत नाही, म्हणून पाय चांगला असतानाच ही घ्यायची.” पुढच्या मोहिमेच्या पत्रकात एवढा एक बदल झाला तरी चालेल.