ध्वजसंहिता : एक औचित्यविचार

१

राष्ट्रध्वजाविषयी आपल्याकडे जे लेखन आढळते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक गौरवपर लेखन आणि दुसरे नियमांच्या याद्या. पहिल्यात भावना असते, परंतु विचार बेताचाच असतो. दुसऱ्यात काटेकोरपणा असतो, परंतु तो कशासाठी हा प्रश्न विचारलेला नसतो. या दोहोंहून वेगळी अशी एक वाट आहे. ध्वजाच्या आचाराचे जे लिखित शास्त्र आज आपल्यापुढे आहे, ते एक शब्दबद्ध रचना म्हणून वाचणे, तिचा स्वर कोणता, तिचा गृहीत वाचक कोण, तिच्या अंतरंगात कोणता अर्थ वसतो आणि कोणता निसटतो याची छाननी करणे, ही ती वाट होय. २६ जानेवारी २००२ पासून अमलात असलेल्या भारतीय ध्वजसंहितेचे असे वाचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने कायद्याच्या प्रांतात का शिरावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याचे उत्तर सोपे आहे. ध्वज हे मुळात कापड नव्हे. ते चिन्ह आहे. चिन्हाला अर्थ कसा येतो, तो कशाने टिकतो आणि कशाने विरतो, हा प्रश्न वाङ्मयविचाराचा स्वतःचा आहे. कायदा ध्वजाचे रक्षण करू शकेल. त्याच्या अर्थाचे रक्षण त्याला एकट्याने करता येणार नाही.

२

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हेच काव्याचे जीवित होय, असा सिद्धांत मांडला. जे ज्याला साजेसे, ते त्याच्या जागी असणे म्हणजे औचित्य. कमरेची मेखला गळ्यात घातली आणि गळ्यातला हार कमरेला बांधला, तर अलंकार मौल्यवान असूनही धारण करणारा हास्यास्पद ठरतो, असा त्याचा दृष्टांत आहे. अलंकाराचे मोल त्याच्या द्रव्यात नसून त्याच्या स्थानात आहे, हा त्यातील मथितार्थ होय.

हा दृष्टांत ध्वजाच्या आचाराला किती चपखल लागू पडतो, याचे प्रत्यंतर २००५ साली आले. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या अधिनियमात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि वेशभूषेत ध्वजाचा उपयोग कमरेखाली करू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात क्षेमेंद्र असण्याचे काही कारण नाही. तथापि एकच चिन्ह एका जागी सन्मान ठरते आणि दुसऱ्या जागी अवमान, हे तत्त्व त्यांनाही स्वीकारावे लागले.

या तत्त्वाच्या कसोटीवर घासून पाहता संहितेतील काही नियम खरोखर सुंदर आहेत. ध्वज चढवावा तो झपाट्याने. उतरवावा तो सावकाश आणि समारंभपूर्वक. या एका नियमात उत्साह आणि विनय यांची लय बांधली गेली आहे. दुखवट्याच्या प्रसंगी ध्वज अर्ध्यावर ठेवावयाचा असतो. परंतु तो थेट अर्ध्यावर नेता येत नाही. आधी तो काठीच्या टोकापर्यंत चढवावा लागतो आणि मग अर्ध्यावर आणावा लागतो. सायंकाळी उतरवण्यापूर्वीही पुन्हा एकदा टोकाला न्यावा लागतो. शोक हा पूर्णतेतून उतरलेला असावा, मूळचाच अर्धवट नसावा, असे हा नियम न बोलता सांगतो. कोणाही व्यक्तीपुढे वा वस्तूपुढे ध्वज झुकवू नये, हाही नियम याच कोटीतला आहे. या नियमांना स्पष्टीकरणाची गरज लागत नाही. ते कृतीतूनच बोलतात.

औचित्याचे सर्वांत मार्मिक उदाहरण मात्र ध्वजाच्या अखेरीविषयीचे आहे. १९७१ च्या अधिनियमान्वये सार्वजनिक ठिकाणी वा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी ध्वज जाळणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलट जीर्ण वा फाटलेला ध्वज एकांतात, संपूर्णपणे, शक्यतो जाळूनच नष्ट करावा, असे संहिता सांगते. अग्नी तोच, ध्वजही तोच; एका ठिकाणी तो अपराध आणि दुसऱ्या ठिकाणी अंत्यसंस्कार. भेद केवळ स्थळाचा आणि हेतूचा. अर्थ वस्तूत नसून वृत्तीत असतो, याची याहून स्पष्ट कबुली कायद्याच्या भाषेत क्वचितच सापडेल.

३

येथवर संहितेचे गुण पाहिले. परंतु सामान्य नागरिकासाठी लिहिलेला तिचा दुसरा भाग वाचू लागताच स्वर बदलतो. जनतेने, खाजगी संस्थांनी व शाळा-महाविद्यालयांनी ध्वज लावण्यावर कोणताही निर्बंध असणार नाही, असे तेथील पहिले विधान आहे. परंतु ते विधान १९५० आणि १९७१ च्या दोन अधिनियमांतील मर्यादा वगळता, या अपवादावर येऊन थांबते. त्यानंतर निषेधांची मालिका सुरू होते. ध्वज जमिनीला टेकू देऊ नये, पडदा म्हणून वापरू नये, त्यावर अक्षरे लिहू नयेत, केशरी पट्टा खाली येईल असा लावू नये. यांतील एकही नियम अयोग्य नाही. तथापि या भागात काय करावे याहून काय करू नये याचाच विस्तार अधिक आहे. ज्या वाचकाला उद्देशून हे लिहिले आहे, तो ध्वजाचा धनी नसून संभाव्य अपराधी आहे, असे या रचनेचे गृहीत दिसते.

याला एक ठळक अपवाद आहे. शाळांसाठी दिलेल्या नमुनादाखल सूचनांत विद्यार्थ्यांनी तीन बाजूंनी उभे राहावे, चौथ्या बाजूला मध्यभागी ध्वजस्तंभ असावा, मुख्याध्यापक व विद्यार्थ्यांचा नेता यांनी स्तंभाच्या तीन पावले मागे उभे राहावे, असे चित्र रेखाटले आहे. येथे मात्र संहिता नागरिकाला काही करावयास सांगते. ज्याला आपण लहानपणापासून ‘झेंडावंदन’ म्हणत आलो, ते आपल्या स्मरणात टिकून राहिले आहे ते यामुळेच. ‘ध्वजारोहण’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेत छापला गेला. मुलांच्या तोंडी ‘झेंडावंदन’च राहिला. पहिल्या शब्दात कर्ता एक प्रमुख पाहुणा असतो, दुसऱ्यात प्रत्येक जण वंदन करणारा असतो, हा भेद नजरेआड करण्याजोगा नाही.

मराठी भाषेची मूळ प्रवृत्तीही हीच साक्ष देते. अटकेपार झेंडे लावणे, झेंडा रोवणे, झेंडा खांद्यावर घेणे, हे आपले वाक्प्रचार सगळे कृतीचे आहेत. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी पताका खांद्यावर घेऊन ऊन-पाऊस अंगावर झेलीत चालतो. तिचा आदर ती जपून ठेवण्यात नाही, ती वाहून नेण्यात आहे. धर्मचिन्हाचा आणि राष्ट्रचिन्हाचा आचार एकच असावा असे येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे इतकेच की, चिन्ह वाहणे या कल्पनेशी मराठी मन परके नाही.

आणि तिरंग्याचा इतिहासही वाहण्याचाच आहे. १९२३ साली नागपुरात झालेला झेंडा सत्याग्रह या दृष्टीने पाहावा. सिव्हिल लाइन्सच्या भागात राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी केली. मे महिन्यापासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन त्या हद्दीकडे जात आणि अटक करवून घेत. प्रथम जमनालाल बजाज आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्याच रस्त्याने पार पडली. त्या झेंड्यावर तेव्हा चरखा होता आणि त्याचे रंगही आजचे नव्हते. परंतु झेंडा हातात धरण्याचा नागरिकाचा अधिकार हाच तेथे वादाचा विषय होता.

स्वातंत्र्यानंतर पाच दशके हा अधिकार काही ठराविक राष्ट्रीय दिवसांपुरताच राहिला, हा इतिहासातील विरोधाभास होय. आपल्या कारखान्यावर ध्वज लावण्यास मज्जाव झाल्यामुळे नवीन जिंदल यांनी न्यायालयात दाद मागितली. ध्वज सन्मानपूर्वक फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून तो मूलभूत, परंतु मर्यादांनी बद्ध असा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी दिला. तत्पूर्वीच नव्या संहितेने वर्षातील सर्व दिवस नागरिकाला मोकळे केले होते. अधिकार मिळाला, परंतु संहितेचे व्याकरण मात्र जुन्या निषेधाचेच राहिले. परिणामी आजही अनेक घरांत पंधरा ऑगस्टला लावलेला ध्वज नंतर कपाटात पडून राहतो. त्याचे पुढे काय करावे हे ठाऊक नसते आणि विचारण्याची भीती वाटते. आदर आणि भीती यांची ही गल्लत संहितेच्या स्वराला सर्वस्वी अपरिचित आहे, असे म्हणवत नाही.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत जवाहरलाल नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरील निळे चक्र हे चरख्याचे निदर्शक असून त्याचा आकार सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राप्रमाणे राहील, असे ठरावाचे शब्द होते. पूर्ण चरखा का घेतला नाही, याचे कारण नेहरूंनी भाषणात दिले. ध्वजाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. चाती आणि दोरी यांसह चरखा काढला तर एका बाजूने तो उलटा दिसेल. हे कारण निखळ औचित्याचे आहे. चरख्याचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींना हा बदल सुरुवातीस रुचला नव्हता, हेही सर्वश्रुत आहे.

म्हणजे चक्र राहिले, चाती गेली. सूत कातण्याची खूण आकृतीतून वगळली गेली. ती मागे राहिली ती केवळ कापडात, कारण पुढे ध्वजाचे कापड हातकताईचे व हातविणीचे असले पाहिजे असा नियम झाला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ठरावात कापडाचा उल्लेख नाही आणि नेहरूंनी त्या दिवशी सभागृहापुढे जे दोन ध्वज ठेवले, त्यांतील एक रेशमी आणि एक सुती खादीचा होता. म्हणून खादी हा ध्वजाचा मूळ लक्षणधर्म होता, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या दिवशी चाती आकृतीतून गेली, त्या दिवसापासून कापड हेच चरख्याच्या अर्थाचे आश्रयस्थान झाले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजासही मान्यता दिली. पाठोपाठ जुलै २०२२ मधील दुरुस्तीने नागरिकाच्या घरावरील ध्वज रात्रंदिवस फडकत ठेवण्यास मुभा मिळाली. पूर्वी तो शक्यतो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच फडकवावयाचा असे. या दोन दुरुस्त्या एकमेकींपासून वेगळ्या वाटतात, परंतु त्यांचे कार्य एकच आहे. पहिलीने ध्वज घडविणारा हात अनावश्यक केला. दुसरीने तो रोज चढविणारा आणि उतरविणारा हात अनावश्यक केला. सायंकाळी ध्वज उतरवावयाचा असे तेव्हा कोणाला तरी त्याची आठवण ठेवावी लागे. जो ध्वज एकदा लावून विसरता येतो, तो लवकरच भिंतीचा भाग होतो.

याविरुद्धचा युक्तिवाद हलका नाही आणि तो डावलणे अन्यायाचे होईल. खादीचा ध्वज महाग पडतो. यंत्राच्या कापडामुळे तो गरिबाच्या झोपडीवरही पोचला. १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या तीन दिवसांत घरोघरी तिरंगा लावण्याची जी मोहीम झाली, ती खादीच्या बळावर शक्य झाली नसती. नागरिकाला ध्वज मिळावा म्हणून झगडलेल्या नागपूरच्या स्वयंसेवकांचे नाव घेऊन, आज त्याच नागरिकाला त्याच्या ऐपतीबाहेरच्या कापडाची अट घालणे, हे विसंगत होईल.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा पेच सुटण्यासारखा आहे. अट आणि अधिकार यांची वाटणी करावी. नागरिकाने आपल्या घरावर परवडेल त्या कापडाचा ध्वज लावावा; शासनाने, विद्यापीठांनी आणि सर्व सार्वजनिक संस्थांनी मात्र हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच ध्वज फडकवावा आणि तो रोज कोणाच्या तरी हातांनी चढवावा व उतरवावा. धारवाड जिल्ह्यातील गरग, हुबळीजवळचे बेंगेरी आणि आपल्याकडील नांदेड येथे ज्यांच्या हातांना हे काम अवगत आहे, त्यांच्या श्रमाला अर्थ त्यामुळे राहील. तसेच जीर्ण ध्वजांचा अंत्यविधी नागरिकावर एकट्यावर न सोपवता ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी ते गोळा करावेत. एकांताचा नियम त्याने भंगत नाही. केवळ नागरिकाची भीती दूर होते.

संहितेवर येथे घेतलेला आक्षेप तिच्या कठोरपणावर नाही. ती जेथे कृती सांगते तेथे ती अर्थपूर्ण आहे आणि जेथे केवळ वर्ज्य सांगते तेथे ती अर्थाला पारखी होते, एवढाच तो आहे. ध्वजाचा मान त्याच्यापासून दूर राहण्याने वाढत नाही. कातणाऱ्याचा, चढविणाऱ्याचा, उतरविणाऱ्याचा आणि घडी घालणाऱ्याचा हात त्याला लागतो, तेव्हाच चक्र हे चरख्याचे निदर्शक असल्याचे १९४७ चे विधान खरे ठरते. आपल्या विभागाच्या इमारतीवरील ध्वज कोणत्या कापडाचा आहे आणि सायंकाळी तो कोण उतरवतो, याची चौकशी अभ्यासकांनी एकदा करून पाहावी, असे सुचवून हे विवेचन पुरे करतो.