आम्ही आणि आपण

फुलस्केपच्या पाठपोट लिहिलेला तो कागद माझ्याकडे अजून आहे. 2011 च्या जूनमध्ये कर्वेनगरच्या एका टू बीएचकेत आम्ही चौघी राहायला आलो आणि पहिल्याच रविवारी फरशीवर गोल बसून तो लिहिला. एखादी आवडती कथा पुन्हा पुन्हा काढून वाचावी तसा मी तो वाचत आले आहे.

घरमालकांशी लिव्ह अँड लायसन्सचा करार आधीच झाला होता, अकरा महिन्यांचा आणि नोंदवलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 55 व्या कलमाप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. त्या दस्तात मालक एका बाजूला आणि आम्ही चौघी मिळून दुसऱ्या. चौघींनी एकमेकींशी कसं वागायचं याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. फुलस्केपवर मात्र लिहून देणाऱ्या आम्ही आणि लिहून घेणाऱ्याही आम्हीच. समोर कुणी नसताना माणसं कोणत्या भाषेत करार करतात, ते या कागदात दिसतं.

सुरुवात भारदस्त आहे: ‘आम्ही खाली सह्या करणाऱ्या चौघी कारणे करारनामा लिहून ठेवतो की’. आमच्यातल्या एकीचे वडील तालुक्याच्या गावी दस्त लिहायचे, त्यांच्याकडून आलेलं हे वळण. पण दुसऱ्याच कलमात भाषा घरात येते. ‘भाडे 16,000. बाल्कनीच्या खोलीतल्या दोघी प्रत्येकी 4,500, आतल्या खोलीतल्या दोघी प्रत्येकी 3,500, कारण आत उजेड कमी.’ या ‘कारण’वर मी दर वेळी थांबते. वकिली दस्त रक्कम सांगून पुढे जातो. इथे जास्त देणारीला ती का जास्त देते हे सांगितलं आहे, आणि कमी देणारीला आपल्यावर कुणी मेहेरबानी केली असं वाटायला जागा ठेवलेली नाही.

या ओळीला कायद्याचंही बळ आहे, हे मला फार नंतर कळलं. भारतीय करार कायदा, 1872 चं 43 वं कलम सांगतं की अनेकांनी मिळून एकच वचन दिलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर समोरचा त्यांच्यातल्या कुणाही एकाकडून ते पूर्ण करून घेऊ शकतो. म्हणजे तिघींनी हात वर केले तर सोळाच्या सोळा हजार चौथीकडे मागता येतात. मग ती बाकीच्यांकडून वाटा मागू शकते, पण वेगळं ठरल्याचं दिसत नसेल तर तो वाटा समसमान धरला जातो. आतल्या खोलीचा कमी उजेड कायद्याला आपणहून दिसत नाही. तो लिहूनच दाखवावा लागतो.

तिसरं कलम भांड्यांचं. आधी लिहिलं होतं, ‘भांडी रात्रीच घासली जातील.’ कोण घासणार? वाक्यात कर्ताच नाही, आणि चार मुलींच्या घरात ज्या कामाला कर्ता नसतो ते सकाळपर्यंत सिंकमध्ये पडून राहतं. कुणाच्या तरी ते लक्षात आलं. त्या ओळीवर काट आहे आणि खाली ही: ‘जी जेवली तिने आपलं ताट, रात्रीच. जिने रांधलं तिने काही नाही.’ काय सुंदर वाक्य आहे हे! घासण्याचं क्रियापद गळून गेलं आणि माणसं आली. शिवाय रांधणारीचे श्रम कुठलाही शब्द न वापरता मोजले गेले. कॉलेजात आम्ही टीटीएमएम म्हणायचो, तुझं तू माझं मी. त्या हिशेबात रांधणारीला सूट मिळाली नसती.

चौथ्या कलमात पाहुणे येतात. ‘आईवडील केव्हाही. बाकी कुणी राहायला येणार असेल तर आपण आदल्या दिवशी सगळ्यांना सांगू.’ इथे पहिल्यांदा ‘आपण’ आला. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. मराठीनं हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, आणि मालकाकडे तोंड करून सुरू झालेला कागद इथे एकमेकींकडे वळतो. हा बदल कुणी ठरवून केला नव्हता, म्हणूनच मला तो इतका मोलाचा वाटतो.

डिपॉझिटचं कलम मात्र उणं राहिलं. एकूण 48,000, प्रत्येकीचे 12,000. मधेच जाणारीने महिनाभर आधी सांगावं, तिघींना पसंत पडेल अशी मुलगी आणावी, येणारीने जाणारीला बारा हजार द्यावेत. इथवर चोख. पण नवीन मुलीचं नाव मालकाबरोबरच्या करारात कसं चढवायचं, आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापले गेले तर ते कुणाच्या वाट्यातून, यावर ओळ नाही. पैसे कापले गेलेच, आणि शेवटपर्यंत राहिलेल्या आम्ही दोघींनी ते सोसले. आधीच निघून गेलेल्यांकडे मागायला कागदात आधार नव्हता आणि आम्हाला तोंड नव्हतं.

पाठच्या बाजूला चार सह्यांखाली पाचवी सही आहे, हिरव्या शाईची, ऑक्टोबरमधली. ही मुलगी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. सहीशेजारी तिने लिहिलं आहे, ‘वाचलं. मी रात्री घरी नसते. तिसऱ्या कलमाबद्दल बोलू.’ कागद उलटला की तिसऱ्या कलमातल्या ‘रात्रीच’वर हिरवी रेघ दिसते आणि तिच्या वर, बारीक अक्षरात, ‘झोपण्याआधी’.